जाऊबाईंची ठमी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. सख्ख्या बहिणीशी माझं जेवढं पटलं नाही तेवढं त्यांच्याशी पटलं, आणि हे मी बहिणीच्या तोंडावरही सांगून मोकळी झालेय. या आमच्या ताई एकोणपन्नासाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी यंत्र चालवायला शिकल्या. त्यांना पोहता येत नाही. सायकलसुद्धा त्यांनी कधी चालवलेली नव्हती. बंदर घरापासून चालत वीस मिनिटांवर, पण कामाच्या रगाड्यात तिकडे निवांत फिरायला जाणंही कधी झालं नव्हतं. हे सगळं मी जवळून पाहिलं, थोडंफार अंगावरही घेतलं, म्हणून सांगते.

आमचं दुकान खाली आणि घर वर. दुकान मोटार वाइंडिंगचं. पंखा, पाण्याचा पंप, गिरणी, कशाचीही मोटार जळली की लोक आमच्याकडे आणून टाकायचे. आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, मोजून तेवढेच वेढे, एक कमी नाही की जास्त नाही. थोरल्या दिरांचा, म्हणजे भाऊजींचा, या कामात हातखंडा होता. लग्न झाल्यावर त्यांनी ते ताईंना हौसेनं शिकवलं. पुढे चाळिशी ओलांडली आणि भाऊजींचे हात थरथरायला लागले. डॉक्टर झाले, औषधं झाली, थरथर काही गेली नाही. मग वाइंडिंग ताई करायला लागल्या. वरच्या खोलीत खिडकीपाशी एका बाजूला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला त्यांचं तारेचं रीळ. भाऊजी खाली गिऱ्हाइकांशी बोलायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्या हाताची सर दुसऱ्या कुणाला नाही बुवा," आणि भाऊजी नुसती मान हलवायचे. अशी बारा वर्षं गेली.

मी एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला राग नाही येत?"

"राग आला की हात आवळला जातो आणि तार तुटते," त्या म्हणाल्या. "मग सगळं पहिल्यापासून. एवढा वेळ कुणाला आहे?"

एके दिवशी दुपारी दुकानात एक बाई आल्या. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, उन्हानं नाक सोललेलं, आणि हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. तान्हं मूल दवाखान्यात आणावं तसं त्यांनी ते धरलं होतं. टॉवेल उलगडला तर आत मुठीएवढ्या दोन मोटारी. बाई बंदरावरच्या समुद्र संशोधन संस्थेत होत्या. त्यांचं काम समुद्राच्या तळावर वाढणाऱ्या स्पंजांचं, आंघोळीचे नव्हेत, जिवंत स्पंज, म्हणून संस्थेत सगळे त्यांना पाठीमागे स्पंजबाई म्हणायचे. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांच्याकडे पाण्याखाली जाणारं एक यंत्र होतं. त्याच्या सहा मोटारींपैकी दोन खाऱ्या पाण्यानं गेल्या होत्या. नव्या यायला चार महिने लागणार होते आणि पाहणी तीन आठवड्यांवर आली होती.

भाऊजींनी त्यांतली एक मोटार हातात घेतली. त्यांच्या हातात ती टेबलावर टकटक वाजली. त्यांनी ती खाली ठेवली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा खाली ये."

मी वरून ऐकत होते. गिऱ्हाईक असताना त्यांनी ताईंना बोलावल्याचं मला आठवत नव्हतं. मी ताईंच्या मागोमाग खाली गेले.

"ही बघेल," भाऊजी स्पंजबाईंना म्हणाले. "गेली बारा वर्षं इथलं वाइंडिंग हीच करते. मी नुसता गल्ल्यावर बसतो."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कान मात्र लाल झाले होते. मोटार उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, "सहा दिवस लागतील. पहिली बिघडवणार, दुसरी जमवणार, मग पहिली परत करणार."

आणि तसंच झालं. आतली तार केसासारखी बारीक. भिंगाखाली बघत, श्वास रोखून त्या वेढे घ्यायच्या आणि मी मशीन बंद ठेवायची, कारण माझ्या मशीननं टेबल हादरायचं. सातव्या दिवशी बादलीत मीठ कालवून मोटार त्यात बुडवली आणि चालू केली. ती अशी काही फिरली की निम्मी बादली भाऊजींच्या तोंडावर आली. चष्मा पुसत ते म्हणाले, "झकास."

स्पंजबाई मोटारी घेऊन गेल्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा आल्या, या खेपेला रिकाम्या हातानं. संस्थेतला तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला होता. जागा भरायची होती.

"मॅडम, दुरुस्तीचं मी बघेन," ताई म्हणाल्या.

"नुसती दुरुस्ती नाही. चालवायलाही शिकावं लागेल. सहा महिने शिकाऊ म्हणून राहायचं, मग परीक्षा."

"मला पोहता येत नाही."

"तुम्हाला कुठे पोहायचंय? यंत्राला येतं."

ताईंनी भाऊजींकडे पाहिलं. दुकानात तेव्हा आठवड्याला दोन मोटारी येत होत्या. लोक जुनी फेकून नवी घ्यायला लागले होते. भाऊजी म्हणाले, "बघतेस काय? जा. इथं माशा मारायला मी एकटा पुरेसा आहे."

पहिल्या दिवशी ताई घरी आल्या त्या हसतच. "अगं, ते यंत्र म्हणजे एवढीशी पेटी गं, आपल्या कपड्यांच्या ट्रंकेएवढी. पिवळी धम्मक. पुढे गोल काच, दोन बाजूंना दोन दिवे. गाल फुगवून बसलेल्या पोरीसारखी दिसते. मी तिला ठमी म्हणायला लागलेय." पंधरा दिवसांत अख्खी संस्था तिला ठमी म्हणायला लागली. तिचा खरा नंबर काय होता, तो फक्त कागदावर राहिला.

शिकवायला जे सर होते त्यांचं नाव हळूहळू सर पडलं होतं. वीस वर्षं जहाजांवर काढलेला माणूस, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी, आणि त्या आवाजात ते दिवसभर एकच शब्द म्हणायचे, "हळू! हळू!" संस्थेच्या आवारात पाण्याची एक मोठी टाकी होती. ठमीला टाकीत सोडायचं, आपण शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसायचं आणि हातातल्या दोन दांड्यांनी तिला फिरवायचं. पडद्यावर फक्त ठमीच्या पुढचं दिसतं. मागे काय आहे, बाजूला काय आहे, काही कळत नाही. वर तिच्या पाठीतून निघालेली लांबच लांब केबल. त्या केबलमधून वीज जाते, चित्र येतं, आणि तीच केबल कशातही अडकते.

पहिल्या आठवड्यात ताईंनी ठमीला अकरा वेळा भिंतीवर आपटलं. तेराव्या दिवशी केबल टाकीतल्या शिडीला गुंडाळली आणि हळूहळू सरांना स्वतः पाण्यात उतरावं लागलं, शर्टासकट. ताई घरी आल्या आणि न बोलता भांडी घासायला बसल्या. घासलेली भांडी पुन्हा घासली.

"मला दुरुस्ती येते गं," शेवटी म्हणाल्या. "मोटार हातात असते तेव्हा ती काय म्हणते ते मला कळतं. पण ठमी तिकडे, मी इकडे. माझी पाठच मला सापडत नाही."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मग मला चालवा."

मी फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि फोन छातीवर पट्टीनं बांधला. डोळ्यांवर ओढून घेतली कापडाची पट्टी. कमरेला मागून कपडे वाळत घालायची दोरी. ताई स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसल्या, आणि मी घरभर. "दोन पावलं पुढे. थांब. डावीकडे वळ, अजून थोडी. पुढे." दिवाणखान्यात सासरे पेपर वाचत होते. मी डोळे बांधून, शेपटी ओढत त्यांच्या पुढ्यातून गेले.

"सूनबाई, हे काय चाललंय?"

"बाबा, मी समुद्राच्या तळाशी आहे. बोलू नका."

ते पाय वर घेऊन बसले. त्या पहिल्या दिवशी दोरी टेबलाच्या पायात अडकली आणि पाण्याचा माठ आडवा झाला. सासऱ्यांची चप्पल तरंगली. दुसऱ्या दिवशी माझं डोकं कपाटाच्या उघड्या दाराला लागलं. त्याचं टेंगूळ पाच दिवस होतं. पण ताईंना त्यातलं मर्म सापडलं. त्या मला पुढे पाठवताना तोंडानं पुटपुटायच्या, "खुर्चीच्या उजवीकडून, टेबलाच्या डावीकडून, दारातून आत." परत आणताना तेच उलटं. वेढे मोजणारी बाई ती, वळणंही मोजायला लागली. महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही हे केलं. तोवर सासरे इतके तरबेज झाले की पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "केबल स्टुलाला लागतेय."

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. टाकीत तीन गोल कड्या टांगल्या होत्या, त्यांतून ठमीला न्यायचं आणि त्याच वाटेनं परत आणायचं. ताईंनी ते केलं. हळूहळू सर एकदाही ओरडले नाहीत. परीक्षा संपल्यावर नेहमीच्या आवाजात एवढंच म्हणाले, "जरा जास्तच हळू."

ताईंचं खरं राज्य मात्र दुरुस्तीच्या खोलीत. समुद्रातून आल्यावर ठमीला आधी गोड्या पाण्यानं आंघोळ. खारट पाणी तासभर जरी अंगावर राहिलं तरी ते धातू खातं. मग प्रत्येक मोटारीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा. आणि सगळ्यांत नाजूक काम रबरी कड्यांचं. ठमीच्या पोटातली वीज कोरडी ठेवायची ती या बांगडीएवढ्या कड्यांनी. झाकण बसवण्याआधी कडी पुसायची, बोटाच्या टोकानं ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, उजेडात बघायची, मग बसवायची. झाकण लावल्यावर हातपंपानं आतली हवा ओढून पंधरा मिनिटं पंपावरच्या दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर झाकण पक्कं.

नोकरीत कायम झाल्यावर चौथ्या महिन्यात ठमीच्या पोटात पाणी शिरलं. चाळीस मीटर खोलीवर पडदा काळा झाला. केबलनं ओढून तिला वर काढली, झाकण उघडलं तर आत वाटीभर समुद्र. आतल्या तीन सर्किटच्या पाट्या जळाल्या होत्या. नव्या परदेशातून यायच्या होत्या. स्पंजबाईंची पाहणी दोन महिने बंद पडली. कुणी ताईंना दोष दिला नाही. हळूहळू सर म्हणाले, कडी जुनी झाली असेल. कंपनीला तसं लिहायचंही ठरलं.

ताईंनी ती कडी भिंगाखाली धरली. कडीवर आडवा एक केस चिकटला होता. पांढरा. संस्थेत केस पांढरे व्हायच्या वयाचे दोघंच, ताई आणि हळूहळू सर, आणि सरांना टक्कल.

त्या दिवशी त्या घरी आल्या तेव्हा भाऊजींनी चेहरा बघूनच खुर्ची पुढे केली. ताईंनी सगळं सांगितलं. "केस माझा. आणि काटा पंधरा मिनिटं बघायचा तो मी सहा मिनिटं बघितला. बोट निघायची घाई होती. हे मला एकटीलाच माहीत आहे."

भाऊजी समोर येऊन बसले. मग म्हणाले, "माझे हात बिघडले ते मी बारा वर्षं लोकांना सांगितलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. त्यानं काही बरं झालं नाही. तू उद्याच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी केस कागदावर चिकटपट्टीनं लावला, खाली "माझा" असं लिहिलं, सहा मिनिटांचंही लिहिलं आणि कागद स्पंजबाईंच्या टेबलावर ठेवला. स्पंजबाई चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या, दोन महिने जाणार होते त्यांचे. आठवडाभर त्या ताईंशी कामापुरतं बोलल्या. मग एके दिवशी दुरुस्तीच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "कंपनीला लिहिलं असतं तर आम्ही कड्या बदलत बसलो असतो आणि पुन्हा पाणी शिरलं असतं. बरं झालं सांगितलंत." तेवढ्यावर ताईंना त्या दिवशी भूक लागली. मी त्यांना केस झाकायला रबर घातलेल्या चार टोप्या शिवून दिल्या. त्या घातल्यावर त्या इतक्या विनोदी दिसतात की मी समोर असताना घालत नाहीत.

पुढच्या वर्षी स्पंजबाईंनी मला बोटीवर बोलावलं. "घरातली ठमी तुम्हीच होतात ना? मग खरी बघा." मी मोठ्या उत्साहानं गेले आणि बंदर सुटल्यापासून अर्ध्या तासात कठड्याला लटकले. पोटात काही उरलं नाही तेव्हा मला पडद्याच्या खोलीत आणून कोपऱ्यात बसवलं.

पडद्यावर समुद्राचा तळ होता. मी काहीतरी काळोखं, भीतिदायक समजत होते. दिव्यांच्या उजेडात नारिंगी आणि जांभळे स्पंज, फुलदाण्यांसारखे, ओळीनं उभे. ताई दांड्या धरून त्यांच्यावरून ठमीला अशी नेत होत्या की खालची मातीसुद्धा उडत नव्हती. स्पंजबाई मोजत होत्या. आणि अचानक चित्र तिरकं झालं आणि थांबलं.

"जाळं," हळूहळू सर म्हणाले.

कुणा कोळ्याचं तुटून बुडालेलं जुनं जाळं होतं, मातीच्या रंगाचं, दिसलंच नव्हतं. ठमीची मागची एक मोटार त्यात गुरफटली होती आणि केबल एका खडकामागून गेली होती. पाण्याची ओढ वाढत होती. सर म्हणाले, ओढून बघू. स्पंजबाई म्हणाल्या, ओढली तर केबल तुटेल आणि ठमी कायमची जाईल. दोघांचे आवाज चढले.

"दोन मिनिटं कुणी बोलू नका," ताई म्हणाल्या.

ताईंनी दांड्यांवरचे हात काढले, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागल्या. मी ते शब्द ऐकले. "दगडाच्या उजवीकडून. मग मोठ्या नारिंगीला वळसा. मग खाली. मग डावीकडे." मग डोळे उघडून त्यांनी अडकलेली मोटार उलटी फिरवली, पण क्षणभरच, अगदी पाव फेरा. थांबल्या. पुन्हा पाव फेरा. रिळावर उलटी बसलेली तार सोडवताना त्या असंच करायच्या, ओढायच्या नाहीत, मागे न्यायच्या. तासाभरानं जाळ्याचा एक पदर सैल होऊन पडद्यावरून तरंगत गेला. मग दुसरा. मग त्यांनी ठमीला आल्या वाटेनं उलटी, मागे मागे, नारिंगीला वळसा घालून, दगडाच्या त्याच बाजूनं आणली. केबल सैल झाली तशी डेकवरच्या माणसानं ओरडून सांगितलं.

ठमी वर आली तेव्हा तिच्या शेपटाला जाळ्याचा तुकडा लोंबत होता. हळूहळू सरांनी तो कापला आणि घडी करून खिशात घातला. ताई उठून माझ्या कोपऱ्यात आल्या. मला म्हणाल्या, "तुझ्या टेंगळाचे उपकार."

घरी मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की सासरे म्हणाले, आता जाळ्याच्या पुढचं सांग. भाऊजी मात्र दर वेळी पहिल्यापासून ऐकायचे. एका शांत दिवशी ताई त्यांना बोटीवर घेऊन गेल्या. काम संपल्यावर, स्पंजबाईंना विचारून, त्यांनी दांड्या भाऊजींपुढे केल्या.

"माझ्या हातात? अगं, ती नाचेल."

"नाही नाचणार. धरा तरी."

भाऊजींच्या थरथरत्या हातात दांड्या थरथरत होत्या, पण पडद्यावरची वाळू सरळ मागे सरकत होती, संथ. ताईंनी आधीच यंत्रात बदल करून ठेवला होता, बारीक हालचाल ठमीपर्यंत पोचूच नये असा. पाच मिनिटं भाऊजींनी ठमी चालवली. एक चपटा मासा वाळूतून उठून बाजूला झाला तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "माफ करा हं." घरी आल्यावर त्यांनी आम्हाला त्या माशाबद्दलच सांगितलं. हातांबद्दल काही बोलले नाहीत.

दुकान आता बंद आहे. खालच्या खोलीत माझं शिलाई मशीन आलंय आणि भाऊजी गिऱ्हाइकांना कपड्यांच्या तारखा सांगतात. ताई कायम झाल्याला चार वर्षं झाली. हळूहळू सर निवृत्त झाले, आणि टाकीपाशी नव्या लोकांना शिकवायचं काम ताईंकडे आलंय. गेल्या महिन्यात संस्थेत मोठं यंत्र आलं, त्याला पुढे एक लोखंडी हात आहे. नाजूक वस्तू त्यानं अलगद उचलायची म्हणजे दाब किती द्यायचा याचा सराव हवा. त्यासाठी ताई टाकीच्या तळाशी अंडी ठेवतात. पहिल्या आठवड्यात एकही वाचलं नाही आणि टाकीचं पाणी तीनदा बदलावं लागलं. काल संध्याकाळी त्या जिन्यातूनच ओरडत आल्या, "अगं, आलं! एक अख्खं वर आलं!" आणि पिशवीतून काढून ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. थंडगार होतं. त्यावर पेन्सिलीनं तारीख लिहिलेली होती. सासरे चष्मा लावून ते फिरवून फिरवून बघत बसले, आणि आज सकाळी ताई आणखी दोन डझन घेऊन कामावर गेल्या.